फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीतून आदिवासी भागात : तयारी कोणत्या क्रमाने करावी

डीएनबी फॅमिली मेडिसिन या तीन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाची परीक्षा आटोपली की बरेच तरुण डॉक्टर विचारतात, "सर, मला आदिवासी भागात काम करायचंय. कुठे जागा आहे का?" मनापासून विचारलेला प्रश्न असतो, पण तीन वर्षं उशिरा विचारलेला असतो. तोवर रोटेशन (एकेका विभागात आळीपाळीने करायचं काम) संपलेली असतात आणि प्रबंध शहरातल्या मधुमेहावर झालेला असतो. मोठ्या रुग्णालयात हात बसलेला असतो. ज्या गावात जायचं तिथे रात्री दोन वाजता काय येणार आहे, याचा विचार कोणी केलेला नसतो. मग सहा महिन्यांत डॉक्टर परत येतो आणि "तिथे सोयीच नाहीत" असं सांगतो. सोयी नाहीत हे खरंच आहे. पण त्या नसताना काय करायचं हे शिकायला जी तीन वर्षं मिळाली होती, ती दुसरंच काही शिकण्यात गेली.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. उदाहरणं गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार आणि पालघरची घेतली आहेत. बीडच्या ऊसतोड कामगारांसाठी किंवा शहरातल्या कचरावेचकांसाठी काम करायचं असेल, तरी क्रम हाच राहील. आजार आणि भाषा तेवढी बदलेल.

टप्पा १ : आधी माणसं ठरवा

"वंचितांसाठी काम" हे ठिकाणाचं नाव नाही. कोणासाठी, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. भामरागडचे माडिया, धारणी-चिखलदऱ्याचे कोरकू, धडगाव-अक्कलकुव्याचे भिल्ल आणि पावरा, रायगड-पालघरचे कातकरी यांच्यात एकच गोष्ट समान आहे : दवाखाना लांब आहे. बाकी सगळं वेगळं. सरकारी यादीप्रमाणे महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन विशेष असुरक्षित जमाती आहेत. त्यांच्यातही कातकरी वीटभट्टीवर स्थलांतर करतो, तर माडिया आपल्याच जंगलात राहतो. या एका फरकाने क्षयरोगाच्या उपचाराचं सगळं नियोजन बदलतं.

उशिरात उशिरा रेसिडेन्सीच्या पहिल्या सहा महिन्यांत दोन ठिकाणं निवडा, जास्त नकोत. प्रत्येक ठिकाणी सुट्टीत आठवडाभर राहून या. सर्च या संस्थेने १९८६ पासून गडचिरोलीत काम केलं आहे, लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून हेमलकशात आहे, मेळघाटात महान ही संस्था आहे, छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग आहे. अशा ठिकाणी पत्र पाठवून, परवानगी घेऊन जावं. न विचारता थडकू नये.

सावधान : मेडिकल कॅम्पला जाऊन येणं म्हणजे राहून येणं नव्हे. कॅम्पमध्ये गाव तुमच्यासमोर रांगेत उभं राहतं. संध्याकाळी गाव कसं असतं ते तुम्हाला दिसत नाही.

टप्पा २ : सीट घेताना काय विचारायचं

समुपदेशनाच्या वेळी बहुतेक जण शहर आणि स्टायपेंड बघतात. त्याऐवजी त्या रुग्णालयातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटना फोन करा आणि असे प्रश्न विचारा. लेबर रूममध्ये तुम्ही स्वतः बाळंतपण करता की स्त्रीरोगाचे रेसिडेंट करतात आणि तुम्ही फाइल लिहिता? बालरोगाच्या रोटेशनमध्ये नवजात बाळ हातात येतं का? रात्रीच्या ड्यूटीला निर्णय कोण घेतं? फॅमिली मेडिसिनची स्वतःची ओपीडी आहे का, की तीन वर्षं दुसऱ्या विभागांत पाहुणे म्हणून फिरायचं?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयात फॅमिली मेडिसिनचा रेसिडेंट अनेकदा मोकळा हात म्हणून वापरला जातो. ज्या विभागात माणूस कमी असेल तिथे त्याला पाठवतात. त्याउलट मिशन रुग्णालयं, जिल्हा रुग्णालयं आणि ग्रामीण भागातल्या संस्थांची रुग्णालयं दिसायला साधी असतात, पण तिथे हाताला काम मिळतं.

सीट आधीच घेतली असेल आणि ती अशी नसेल, तर निराश होऊ नका. पुढचा टप्पा तुमच्यासाठीच आहे.

टप्पा ३ : रोटेशन गावाकडून उलटी वाचा

एक वही करा. डाव्या पानावर, तुम्ही निवडलेल्या भागात रात्री काय येतं ते लिहा. उजव्या पानावर, ते कोणत्या रोटेशनमध्ये शिकायला मिळेल ते लिहा. डावं पान तिथल्या आरोग्य सेविकेला विचारून भरा. ती सांगेल ते पुस्तकात मिळणार नाही.

गडचिरोलीचं डावं पान साधारण असं दिसेल : फाल्सिपेरम मलेरिया (मलेरियाचा जास्त घातक प्रकार), मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया, सापचावा, सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचा क्रायसिस, अडलेलं बाळंतपण, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, झटके आलेली गरोदर बाई, न रडलेलं बाळ, कमी वजनाचं बाळ, तीव्र कुपोषणात जुलाब, दारू अचानक सोडल्यावरची बेभानी. आणि एक गोष्ट जी कुणीच लिहीत नाही : शवविच्छेदन. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ते करावं लागतं, मेडिकोलीगल केस लिहावी लागते, पुढे समन्स आलं की कोर्टातही जावं लागतं. फॅमिली मेडिसिनच्या बहुतेक रेसिडेंटनी एमबीबीएसनंतर न्यायवैद्यकाच्या विभागात पाऊल ठेवलेलं नसतं. तिथे ठरवून काही दिवस जा.

आता दोन-तीन गोष्टी जवळून बघू, कारण इथेच जास्त चुका होतात.

*सापचावा.* बारामाही प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी हीच तुमची प्रयोगशाळा. शिरेतून दोन-तीन मिलिलिटर ताजं रक्त घ्यायचं, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घालायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करून रक्त गोठलं का ते बघायचं. चुका कुठे होतात? नळी प्लास्टिकची असते, किंवा साबणाने धुतलेली असते, किंवा नातेवाइकांना दाखवायला कोणीतरी ती पाचव्या मिनिटालाच हलवून बघतं. तिन्ही चुकांनी निकाल खोटा येतो. काचेच्या नव्या नळ्या वेगळ्या डब्यात ठेवा आणि डब्यावर "फक्त सापासाठी" असं लिहा.

मण्यार चावली तर खूण दिसेलच असं नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतो, आणि तासाभरात पापण्या जड होतात. पावसाळ्यात पहाटेच्या पोटदुखीला पापण्या बघितल्याशिवाय पँटोप्राझोल ही पित्ताची गोळी देऊन घरी पाठवायचं नाही. प्रतिविष सुरू करण्याआधी अॅड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून तयार हवं, प्रतिविषाची रिअॅक्शन आली तर. लहान मुलालाही प्रतिविषाचा डोस मोठ्या माणसाइतकाच लागतो, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं.

कोकणात जाणार असाल तर विंचूदंशही याच पानावर लिहा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग तिथल्याच रुग्णांवर काम करून दाखवून दिला. लहान गावात राहूनही जगाला उपयोगी पडेल असं काम होतं, हे नव्या रेसिडेंटला माहीत असावं.

*सिकलसेल.* राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आणि २०४७ हे तिचं उद्दिष्टाचं वर्ष आहे. त्यामुळे गावोगाव सोल्युबिलिटी नावाच्या प्राथमिक रक्तचाचण्या होतात. पण ही चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे वाहक की रुग्ण, ते कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही पुढची प्रयोगशाळेतली चाचणी लागते. गावात लोक "एएस पॅटर्न" (वाहक), "एसएस पॅटर्न" (रुग्ण) म्हणतात आणि दोन्हींचा अर्थ बऱ्याचदा एकच धरतात. वाहक असलेल्या मुलीला "आजारी" ठरवून तिचं लग्न मोडतं. दुसरीकडे खऱ्या रुग्णाला हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरूच झालेलं नसतं. पुढचा निकाल हातात येईपर्यंत कार्डावर काहीही पक्कं लिहू नका. आणि एसएस असलेलं मूल अचानक पांढरं पडलं तर आधी प्लीहा चाचपा. आईलाही प्लीहा चाचपायला शिकवता येतं.

*मलेरिया.* औषध सगळ्यांना पाठ असतं : फाल्सिपेरमला तीन दिवस एसीटी (आर्टेमिसिनिनवर आधारित मिश्र औषध), दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एकच डोस, गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन नाही. व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रकाराला चौदा दिवसांचं प्रायमाक्विन आहे, आणि ते पाचव्या दिवशी थांबतं, कारण ताप गेलेला असतो. हे चौदा दिवस कोण बघणार, हे औषध लिहितानाच ठरवा. आशाताईचं नाव चिठ्ठीवर लिहा. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांत या गोळीने रक्तपेशी फुटतात, ही शक्यता लक्षात ठेवून, लघवी काळी-लाल झाली तर गोळी बंद करून लगेच यायचं, हेही सांगा.

तपासून पाहा : रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाअखेर हे स्वतःच्या हाताने, शेजारी सीनियर नसताना करता येतं का? न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात बॅग-मास्कने श्वास देणं. कंडोम टॅम्पोनाड (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला गर्भाशयात कंडोम फुगवणं). मॅगसल्फ या गरोदरपणातल्या झटक्यांवरच्या इंजेक्शनचा पहिला डोस स्वतः भरणं. हाताने वार काढणं. छातीत नळी घालणं. लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यातून पाणी काढणं). दंडाचा घेर मोजून ११.५ सेंटीमीटरच्या आतलं मूल ओळखणं आणि त्याला जुलाब झाले तर सलाईन भसाभस न सोडणं. यातलं जे येत नाही, त्यासाठी तिसरं वर्ष उरलेलं आहे.

भूल आणि सिझेरियन शिकायचं का, हा प्रश्न नेहमी येतो. सरकारने एमबीबीएस डॉक्टरांसाठी जीवरक्षक भूल आणि आपत्कालीन प्रसूती सेवेची वेगळी प्रशिक्षणं चालवली आहेत. तुम्ही जाणार तिथे रक्ताची सोय आणि दुसरा डॉक्टर असेल तरच त्याचा उपयोग. नसेल तर ते वर्ष रेफर चांगलं करायला शिकण्यात घालवा.

टप्पा ४ : भाषा आणि तिथलं कॅलेंडर

मराठी येते म्हणून भाषेचा प्रश्न सुटला, असं महाराष्ट्रातले डॉक्टर धरून चालतात. भामरागडला माडिया बोलतात, धारणीला कोरकू, धडगावला भिली आणि पावरी. पुरुष बाजाराला जाऊन मराठी किंवा हिंदी शिकलेले असतात. बाईला ती येईलच असं नाही, आणि दवाखान्यात जास्त येते ती बाई आणि मूल. नवरा दुभाषा झाला की पाळी, अंगावरून जाणं, मारहाण हे विषय संपले.

पहिल्या वर्षापासून त्या भाषेतली दीड-दोनशे वाक्यं गोळा करा. व्याकरण नंतर. कुठे दुखतं, कधीपासून, मूल दूध ओढतं का, लघवी झाली का, घाबरू नका, पुन्हा कधी याल. उच्चार तिथल्या आरोग्य सेविकेकडून मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या.

तारखांचंही तसंच. शेवटच्या पाळीची तारीख विचारली तर उत्तर येत नाही, आणि रेसिडेंट फाइलवर "माहीत नाही" लिहून मोकळा होतो. असं विचारून पाहा :

"ताई, मागची पाळी आली तेव्हा पोळा झाला होता का?"

"नाही जी, व्हायचा होता."

"रोवणी चालू होती?"

"रोवणी संपली होती. निंदण चालू होतं."

झाली की तारीख, आठ-दहा दिवसांच्या फरकाने. गडचिरोलीच्या काही गावांत पाळीच्या दिवसांत बाई कुर्माघरात राहते. तिथे "कुर्म्यात शेवटची कधी गेली होतीस" हा प्रश्न जास्त सरळ पडतो. हे विचारताना चेहऱ्यावर नाराजी आणायची नाही. प्रथेबद्दलचं तुमचं मत त्या वेळी तिच्या कामाचं नाही.

स्थलांतराचंही कॅलेंडर असतं. मेळघाटातून दिवाळीनंतर कुटुंबं कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात, कारण होळी हा कोरकूंचा मोठा सण. ऊसतोड कामगार ऑक्टोबर-नोव्हेंबरला निघतो आणि मार्च-एप्रिलला येतो. क्षयरोगाचा रुग्ण ऑक्टोबरात सापडला, तर पहिल्याच भेटीत विचारा : "दादा, यंदा कुठे जाणार? मुकादम कोण?" मग निक्षय या क्षयरोगाच्या नोंदणी पोर्टलवर त्याची बदली करा, सोबत औषध द्या आणि तिकडच्या केंद्राला फोन करा. जानेवारीत "रुग्ण बेपत्ता" लिहिण्यापेक्षा हे सोपं आहे.

टप्पा ५ : प्रबंध आणि जिल्हा रेसिडेन्सी वाया घालवू नका

पदव्युत्तर शिक्षणात आता जिल्हा रुग्णालयातले तीन महिने येतात. ते बहुतेक जण घराजवळच्या जिल्ह्यात घेतात. पर्याय असेल तर टप्पा १ मध्ये निवडलेला जिल्हा मागा, आणि मागणी लेखी, वेळेच्या खूप आधी द्या. त्या तीन महिन्यांत तुम्ही तिथल्या सिव्हिल सर्जनपासून ब्लड बँकेच्या टेक्निशियनपर्यंत सगळ्यांना ओळखू लागता. पुढे रात्री फोन करताना हीच ओळख कामी येते.

प्रबंधाचा आराखडा पहिल्या काही महिन्यांतच द्यावा लागतो, म्हणून विषय घाईत ठरतो. आधी ठिकाण ठरलं असेल तर विषयही तिथूनच निघतो. मात्र एक लक्षात ठेवा : आदिवासी गावांतून रक्ताचे नमुने आणि फोटो नेऊन परत न फिरकणारे संशोधक लोकांनी पाहिलेले आहेत. संमती त्यांच्या भाषेत घ्या आणि ग्रामसभेला आधी सांगा. निकाल आले की त्याच गावात बसून ते सांगा. अॅनिमिया सापडला तर त्याचा उपचार होईल ही जबाबदारी प्रबंधाइतकीच तुमची.

टप्पा ६ : नोकरी ठरवताना

मुख्य रस्ते तीन. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात सरकारी पद (बंधपत्राची सेवाही यातच येते), राष्ट्रीय आरोग्य अभियानातलं कंत्राटी पद, आणि संस्थेचं रुग्णालय.

सरकारी रस्त्यावर पहिला गोंधळ होतो तो साहेब कोण याचा. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, त्याचे वरिष्ठ तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की महिने जातात. दुसरं, अनेक जाहिरातींत फिजिशियन, बालरोग, स्त्रीरोग असे रकाने असतात आणि फॅमिली मेडिसिन नसतं. अर्ज करण्याआधी तुमची पदवी कोणत्या पदाला धरतात, हे लेखी विचारून घ्या. राज्याबाहेर, समजा छत्तीसगडला जाणार असाल, तर तिथल्या वैद्यकीय परिषदेची नोंदणी रुजू होण्याआधी हातात हवी.

प्राथमिक आरोग्य केंद्र घेतलं तर अर्धा दिवस कागदांचा असेल हे आधीच मान्य करा. रुग्ण कल्याण समितीचा निधी, आशांचे मोबदले, मासिक सभा, लसीकरणाचे अहवाल हे सगळं तुमच्या सहीने चालतं. आशांची बिलं वेळेवर सही करणारा डॉक्टर गावात जास्त ऐकला जातो. मला हे काम रुग्णसेवेतच मोजावंसं वाटतं.

पगार, घर, जोडीदाराचं काम आणि मुलांची शाळा याबद्दल बोलायला संकोच करू नका. सेवेच्या भावनेने गेलेले डॉक्टर हे प्रश्न विचारत नाहीत आणि नेमके याच कारणांनी दोन वर्षांत परततात. संस्थेला स्पष्ट विचारा : रजेवर गेलो तर माझी जागा कोण घेणार? सलग किती रात्री ड्यूटी? क्वार्टरमध्ये पाणी उन्हाळ्यात येतं का? पावसाळ्यात रस्ता किती दिवस बंद असतो? पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे तिथे गेल्यावर कळून उपयोग नाही.

सावधान : जोडीदाराने ते ठिकाण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. शक्यतो पावसाळ्यात दाखवा.

टप्पा ७ : पहिले तीन महिने काही बदलू नका

नवा डॉक्टर आल्या आल्या औषधांची यादी बदलतो, ओपीडीची वेळ बदलतो, सिस्टरने वर्षानुवर्षं ठेवलेली रजिस्टरं "चुकीची" ठरवतो. तीन महिने थांबा. धोकादायक असेल तेवढंच लगेच थांबवा, उदाहरणार्थ कळा वाढवायला दिलेलं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. बाकी आधी कारण विचारा. ओपीडी सकाळी अकराला भरते, कारण एसटी साडेदहाला पोहोचते. दर बुधवारी कोणी येत नाही, कारण बुधवारी बाजार असतो.

या काळात करायचं काम हे : प्रत्येक उपकेंद्रावर जा, समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्य सेविका आणि आशाताईंच्या सोबत त्यांच्या वस्तीत फिरा. सर्चच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि बालमृत्यू कमी झाले. १९९९ साली ते काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि आज आशा घरी जाऊन बाळ बघते त्यामागे ते आहे. आशाताईचं ऐकून घेणं ही सौजन्याची बाब नाही. तुमच्याआधी बाळ तिने पाहिलेलं असतं.

भूमका, भगत, पुजारी यांच्याशी भांडण काढू नका आणि त्यांच्या उपचाराला मान्यताही देऊ नका. जाऊन भेटा. म्हणा, "मामा, तुमच्याकडे ताप येऊन झटके आलेलं मूल आलं तर पूजा करा, पण माणूस पाठवून गाडी आधी बोलवा." पोटावर चटके दिलेलं मूल आलं तर आईला ओरडू नका. ओरडलात तर पुढचं मूल चटके देऊन घरीच राहील.

आणि चिठ्ठी लिहिताना जेवण विचारा. "दिवसातून तीनदा जेवणानंतर" हे, दिवसातून दोनदा जेवणाऱ्या घरात दोनदाच घेतलं जातं. "सुई द्या जी" म्हणणाऱ्या आजीला नुसतं नाही म्हणून पाठवलंत, तर ती संध्याकाळी बिनपदवीच्या डॉक्टरकडे पैसे देऊन टोचून घेते. तिच्याजवळ बसा, दुखतो तो गुडघा हाताने तपासा, गोळी समोर द्या. बऱ्याचदा तिला तपासणारा हात हवा असतो.

अठरा वर्षांखालची गरोदर मुलगी येणारच. पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवण्याचं बंधन आहे, आणि त्याच भीतीने ती पुढच्या वेळी दवाखान्यात येत नाही. ही केस येण्याआधीच वरिष्ठांशी आणि बाल कल्याण समितीशी बोलून पद्धत ठरवून घ्या. उपचार कोणत्याही परिस्थितीत अडवायचा नाही.

टप्पा ८ : रेफर म्हणजे पाठवून देणं नव्हे

या कामात माणूस सगळ्यांत जास्त कुठे हरतो, तर रेफरमध्ये. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, तेही घाटातून. कागदावर रेफर अमरावतीला होतं, लोक मात्र जवळ म्हणून बऱ्हाणपूरला जातात. "नातेवाइकांनी नकार दिला" असं लिहून सही घेणं ही सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत वाईट सवय आहे. नकारामागे कारणं असतात. घरी बाकीची मुलं कोण बघणार? तिथे जेवायचं काय? परत कसं यायचं? आणि न बोललेलं : माणूस तिकडे गेला तर मृतदेह आणायला पैसे कुठून?

म्हणून रेफर या क्रमाने करा.

१. आधी रुग्ण स्थिर करा. मॅगसल्फ, ऑक्सिटोसिन, ग्लुकोज, अँटिबायोटिकचा पहिला डोस, प्रतिविष. हे गाडीची वाट बघताना करायचं, गाडी आल्यावर नाही.

२. गाडी. १०८ लगेच मिळेल असं धरू नका. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२ आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नेण्या-आणण्याचा खर्च शासनाचा आहे, परतीचाही, हे घरच्यांना तोंडी सांगा.

३. पुढच्या रुग्णालयात माणसाशी बोला. "कॅज्युअल्टीला पाठवतोय" पुरेसं नाही. कोणाशी बोललात त्याचं नाव आणि वेळ चिठ्ठीवर लिहा.

४. चिठ्ठी. काय झालं, काय दिलं, किती वाजता, आणि नेमकं काय हवंय. "पुढील उपचारासाठी रेफर" याने समोरच्याला काहीच कळत नाही. असं लिहा : "२२ वर्षं, पहिली खेप, ३६ आठवडे, ४.१० वाजता झटका, बीपी १७०/११०, मॅगसल्फचा पहिला डोस ४.२५ वाजता पूर्ण, लघवीची नळी घातली आहे, हिमोग्लोबिन ७. रक्त आणि प्रसूतीचा निर्णय हवा."

५. कागद. रेशनकार्ड आणि आधार सोबत आहेत का? महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी तेच लागतात, आणि दोन्हींवर नाव वेगळं असणं नेहमीचं. नावातला फरक आशाताईला आधीच शोधून दुरुस्त करायला सांगता येतो, गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात.

६. सोबत कोण? भाषा येणारी आशा किंवा गावातलं कोणी असेल तर पुढच्या वॉर्डात बाई हरवत नाही. नवसंजीवनी योजनेत भरती झालेल्या मुलाच्या पालकांना बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. ती मागावी लागते, आपोआप येत नाही.

७. दुसऱ्या दिवशी फोन. पोहोचली का, काय झालं, कधी सोडणार. हे उत्तर गावात जाऊन सांगा. एक बाई बरी होऊन परतली आणि ते गावाने ऐकलं, की पुढची तयार होते. मृत्यू झाला तरी घरी जा. त्या घरी डॉक्टर गेलाच नाही, हे गाव वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं.

तपासून पाहा : तुमच्या मोबाईलमध्ये ब्लड बँक, एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा विशेष विभाग), जिल्ह्याच्या लेबर रूमचा इनचार्ज, दोन खासगी गाडीवाले आणि पावसाळ्यात नाला ओलांडून देणारे गावातले कोणी, एवढे नंबर आहेत का? हीच यादी लेबर रूमच्या भिंतीवरही हवी, कारण तुम्ही रजेवर असाल.

टप्पा ९ : सोडून जाताना

सगळे आयुष्यभर राहत नाहीत आणि राहिलंच पाहिजे असंही नाही. दोन वर्षं नीट केलेलं काम मोठं असतं. फक्त जाण्याची तयारी शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. किमान तीन महिने आधी संस्थेला किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना सांगा. त्या काळात सिकलसेल, क्षयरोग, मिरगी, मानसिक आजार आणि मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाचं एक पान तयार करा : नाव, पाडा, चालू औषध, पुढची तपासणी कधी, घरात कोणाशी बोलायचं. हे पान इंग्रजी संक्षेपांत लिहू नका, कारण नवा डॉक्टर येईपर्यंत ते आरोग्य सेविका वाचणार आहे. मिरगीच्या आणि हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांचा पुढच्या दोन महिन्यांचा साठा मोजून तिच्या ताब्यात द्या, आणि साठा संपत आला की कोणाला फोन करायचा तो नंबर त्याच पानावर लिहून ठेवा.